नायट्रोजन-हॅलोजन संयुगे आणि पाण्यातले क्लोरामीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर दोन प्रकारच्या वाचकांच्या शंका एकत्र घेतल्या आहेत. काही जण अकार्बनी रसायनशास्त्र शिकणारे आहेत, तर काही जण पाणीपुरवठा योजना, जलतरण तलाव किंवा डायलिसिस केंद्र सांभाळणारे. दोघांचा विषय एकच आहे, नायट्रोजन आणि हॅलोजन (फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन) यांच्यातला बंध. म्हणून उत्तरेही वेगळी केलेली नाहीत.

जलतरण तलावावर येणारा उग्र वास क्लोरीनचाच असतो ना?

बहुतेक वेळा नाही. तलावात ठेवतात तेवढ्या मुक्त (म्हणजे नायट्रोजनशी न जोडलेल्या) क्लोरीनला फारसा वास नसतो. डोळे चुरचुरवणारा, घशात खवखव आणणारा वास मुख्यतः ट्रायक्लोरामीनचा, म्हणजेच नायट्रोजन ट्रायक्लोराइडचा असतो. घाम आणि लघवीतला युरिया, अमोनिया व क्रिएटिनिन यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो तयार होतो. पाण्यात मोनोक्लोरामीनचा वास साधारण ५ मिलीग्रॅम प्रति लिटरपासून जाणवतो, डायक्लोरामीनचा ०.८ पासून आणि ट्रायक्लोरामीनचा अवघ्या ०.०२ पासून. शिवाय ट्रायक्लोरामीन पाण्यात टिकत नाही, झपाट्याने हवेत जातो. त्यामुळे पाण्याची तपासणी ठीक दिसते आणि बंदिस्त तलावाची हवा मात्र बिघडलेली असते.

मोनो, डाय आणि ट्राय यांतला कोणता तयार होईल, हे कशावरून ठरते?

दोन गोष्टींवरून: पीएच, आणि क्लोरीनचे नायट्रोजनशी प्रमाण. अमोनियाच्या रेणूत तीन हायड्रोजन असतात. क्लोरीन पाण्यात मिसळल्यावर होणारे हायपोक्लोरस आम्ल त्यांतला एकेक हायड्रोजन काढून तिथे क्लोरीन बसवते: एक बसला तर मोनो, दोन तर डाय, तीन तर ट्राय. पहिली अदलाबदल फार वेगाने होते. पीएच ८.३ च्या आसपास तिचा वेग सर्वाधिक असतो आणि नळाच्या पाण्यात काही सेकंदांत ती पुरी होते. पुढच्या दोन पायऱ्यांना आम्लता किंवा क्लोरीनचा अतिरेक लागतो. ढोबळ मानाने पीएच ७.५ च्या वर मोनोक्लोरामीन, ४ ते ६ मध्ये डायक्लोरामीन आणि ४ च्या खाली ट्रायक्लोरामीन जास्त असतो. पण नायट्रोजनच्या मानाने क्लोरीन खूप जास्त झाला, तर ७ पीएचलाही थोडा ट्रायक्लोरामीन तयार होतो. तलावात नेमके हेच घडते.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वाढवली तरी क्लोरीन तपासण्याच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टला रंग उलट कमी येतो. असे का?

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांना पडणारा हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि पावडर खराब निघाली असा निष्कर्ष लगेच काढू नये. पाण्यात अमोनिया असेल तर हीच अपेक्षित वागणूक आहे.

घातलेल्या क्लोरीनचे वजन आणि पाण्यातल्या अमोनियाकल नायट्रोजनचे (अमोनियातल्या नायट्रोजनचे) वजन यांचे प्रमाण मनात धरा. हे प्रमाण ५ होईपर्यंत घातलेला जवळजवळ सगळा क्लोरीन मोनोक्लोरामीन होतो, म्हणून एकूण शेष क्लोरीन (पाण्यात उरलेला, मुक्त आणि क्लोरामीनमधला मिळून) चढत जातो. ५ का? एक मोल क्लोरीन ७१ ग्रॅम, एक मोल नायट्रोजन १४ ग्रॅम, भागाकार ५.०७. त्यापुढे घातलेला प्रत्येक थेंब आधीच्या क्लोरामीनला तोडू लागतो. दोन मोनोक्लोरामीन आणि एक हायपोक्लोरस आम्ल मिळून नायट्रोजन वायू, पाणी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. नवा क्लोरीनही खर्च होतो आणि जुना शेषही जातो, म्हणून रंग उतरतो. प्रमाण ७.६ ला पोहोचले की हिशेबाप्रमाणे सगळा अमोनिया संपतो. हाच ब्रेकपॉइंट. प्रत्यक्षात नायट्रेटसारखी इतर उत्पादनेही होतात, म्हणून ८ ते १० पट लागतो. त्यानंतर घातलेला क्लोरीन मुक्त म्हणून टिकतो आणि रंग पुन्हा चढू लागतो.

उदाहरण घेऊ. विहिरीत ५०,००० लिटर पाणी आहे आणि अमोनियाकल नायट्रोजन ०.५ मिलीग्रॅम प्रति लिटर आहे. (आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी हीच कमाल मर्यादा आहे.) नेहमीच्या हिशेबाने हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे १२५ ग्रॅम पावडर पडेल. ब्रेकपॉइंट गाठायला मात्र ८ पटीने लिटरला ४ मिलीग्रॅम, म्हणजे एकूण २०० ग्रॅम क्लोरीन हवा. पावडरीत ३० टक्के उपलब्ध क्लोरीन धरला तर ती सुमारे ६७० ग्रॅम होते. मधल्याच मात्रेवर थांबलात तर पाण्याला वासही येतो आणि जंतूंवर झटपट काम करणारा मुक्त क्लोरीनही नसतो. मात्रा कमी करण्याआधी अमोनिया तपासा आणि तो कुठून येतो ते शोधा. विहिरीत अचानक अमोनिया वाढणे हे बहुधा सांडपाणी किंवा शेणखताच्या ढिगाचा झिरपा पोहोचल्याचे लक्षण असते.

ओटी टेस्टमध्ये मुक्त आणि संयुक्त (क्लोरामीनमधला) क्लोरीन वेगळा कसा ओळखायचा?

वेळेवरून. मुक्त क्लोरीन ऑर्थोटोलिडीनला लगेच पिवळे करतो, तर क्लोरामीनला रंग आणायला काही मिनिटे लागतात. म्हणून पहिला रंग १० सेकंदांच्या आत पाहायचा, दुसरा ५ मिनिटांनी. दुसरा बराच गडद असेल तर फरक क्लोरामीनचा. पाणी कोमट असेल तर क्लोरामीनही लवकर रंग देतो आणि फसगत होते. उन्हाळ्यात नमुना थंड करून घ्या. नायट्राइट, लोह आणि मँगॅनीज यांमुळेही खोटा रंग येतो. ऑर्थोटोलिडीन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, त्यामुळे ते हाताला लागू देऊ नये. परवडत असेल तर डीपीडी (क्लोरीनने रंगणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या गोळ्यांची) पद्धतच वापरावी.

डीपीडी तपासणीत चुका कुठे होतात?

पद्धत सोपी आहे. १० मिलिलिटर नमुन्यात डीपीडी-१ ची गोळी चुरून विरघळवा आणि एका मिनिटाच्या आत वाचा. हा मुक्त क्लोरीन. त्याच नळीत डीपीडी-३ टाका, दोन मिनिटे थांबा, पुन्हा वाचा; हा एकूण क्लोरीन. वजाबाकी म्हणजे संयुक्त क्लोरीन.

सर्वांत जास्त आढळणारी चूक नळी धुण्यातली. डीपीडी-३ मध्ये पोटॅशियम आयोडाइड असते आणि आयोडाइडच क्लोरामीनला रंग द्यायला लावते. आधीच्या चाचणीचा थोडासा अंश नळीत राहिला तरी पुढच्या वेळी क्लोरामीन मुक्त म्हणून मोजला जातो आणि आकडा खोटा चांगला दिसतो. दुसरी चूक उशिरा वाचण्याची. मोनोक्लोरामीन डीपीडी-१ लाही हळूहळू रंग देत राहतो. तिसरी चूक सर्वांत धोक्याची. क्लोरीन खूप जास्त असेल, साधारण १० मिलीग्रॅम प्रति लिटरच्या पुढे, तर रंग चमकून लगेच फिका पडतो किंवा येतच नाही. क्लोरीन नाही असे समजून आणखी घातला जातो. शंका आली की नमुना शुद्ध पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा पाहा.

तलावात संयुक्त क्लोरीन वाढला. दहापट क्लोरीन घालून शॉक (एकदम मोठी मात्रा) द्यावा का?

‘संयुक्त क्लोरीनच्या दहापट’ हा नियम फार पसरलेला आहे, पण त्याच्या मुळाशी एक गफलत आहे. ७.६ किंवा १० हा आकडा अमोनियाकल नायट्रोजनच्या वजनावर आहे. डीपीडीने मोजलेला संयुक्त क्लोरीन मात्र आधीच क्लोरीनच्या वजनात असतो. १ मिलीग्रॅम मोनोक्लोरामीन, क्लोरीन म्हणून मोजलेला, तोडायला आणखी फक्त ०.५ मिलीग्रॅम क्लोरीन लागतो.

३ लाख लिटरचा तलाव घ्या. मुक्त १.२, एकूण २.०, म्हणून संयुक्त ०.८. दहापट नियमाने ८ पर्यंत न्यायचे, म्हणजे ६.८ मिलीग्रॅम प्रति लिटर आणखी, एकूण २ किलोहून थोडा जास्त क्लोरीन. १२ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचे सुमारे १७ लिटर. तो ०.८ खरोखर मोनोक्लोरामीन असता तर ०.४ पुरला असता, आणि १.२ तर पाण्यात आधीपासूनच आहे. तरीही तो टिकून असेल, तर त्याचा बराच भाग क्रिएटिनिनसारख्या कार्बनी पदार्थांवर बसलेला क्लोरीन असतो किंवा पोहणाऱ्यांकडून रोज नव्याने भरला जाणारा. असा सेंद्रिय क्लोरामीन शॉकने सहजी तुटत नाही. उलट युरिया आणि क्लोरीनचा अतिरेक एकत्र आल्यावर ट्रायक्लोरामीन वाढतो.

खरा उपाय पाणी बदलण्याचा आहे. दर पोहणाऱ्यामागे दिवसाला सुमारे ३० लिटर ताजे पाणी, ही ब्रिटनमधली रूढ शिफारस इथेही धरण्याजोगी आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ सक्तीची करा. मध्यम दाबाचे यूव्ही दिवे चांगले काम करतात, कारण मोनोक्लोरामीन २४५ नॅनोमीटरजवळ, डायक्लोरामीन २९५ जवळ आणि ट्रायक्लोरामीन ३४० जवळही प्रकाश शोषतो. कमी दाबाचा दिवा जवळजवळ फक्त २५४ देतो. जर्मन मानकात संयुक्त क्लोरीनची मर्यादा ०.२ आहे, अमेरिकेच्या आदर्श नियमावलीत ०.४. तरीही शॉक द्यायचाच असेल तर तलाव रिकामा असताना, पीएच ७.२ ते ७.४ ठेवून आणि सगळे पंखे व खिडक्या उघडून.

मग काही शहरे मुद्दाम क्लोरामीन का वापरतात?

कारण तो टिकतो. लांब पाइपलाइनच्या शेवटापर्यंत मुक्त क्लोरीन उरत नाही, मोनोक्लोरामीन उरतो. शिवाय त्यामुळे क्लोरोफॉर्मसारखी उपउत्पादने कमी होतात. कॅनडातल्या ओटावामध्ये १९१६ मध्ये आणि अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये १९१७ मध्ये तो वापरात आला. जंतुनाशक म्हणून मात्र तो मुक्त क्लोरीनपेक्षा बराच दुबळा असतो. म्हणून आधी मुक्त क्लोरीनने ठरलेला संपर्ककाळ पुरा करतात, मग अमोनिया मिसळतात.

१० लाख लिटर पाण्यात लिटरला २ मिलीग्रॅम मोनोक्लोरामीन हवा असेल, तर २ किलो क्लोरीन आणि ४.५:१ या प्रमाणाने ०.४४ किलो नायट्रोजन लागतो. अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे २१ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ते २.१ किलो लागेल. पीएच ८ ते ८.५ ठेवायचा. मिसळण नीट झाली नाही तर ज्या भागात क्लोरीन जास्त, तिथे डायक्लोरामीन होऊन पाण्याला वास येतो. प्रमाण ३:१ सारखे खाली गेले तर मोकळा अमोनिया उरतो, त्यावर नायट्रिफिकेशन करणारे (अमोनियाचे नायट्राइट करणारे) जिवाणू वाढतात, नायट्राइट चढतो आणि शेष क्लोरीन कोसळतो. टाकीत नायट्राइट दिसू लागला की थांबू नये: पाइप धुवून काढावेत आणि काही काळ मुक्त क्लोरीनवर जावे.

बदल विचारपूर्वक करावा, हे वॉशिंग्टन डीसीने दाखवले. तिथे नोव्हेंबर २००० मध्ये मुक्त क्लोरीनऐवजी क्लोरामीन सुरू झाला. शिशाच्या पाइपांवर बसलेला लेड डायऑक्साइडचा थर मुक्त क्लोरीनमुळे स्थिर होता. क्लोरामीनची ऑक्सिडीकरण क्षमता कमी, त्यामुळे तो थर विरघळू लागला आणि नळाच्या पाण्यात शिसे वाढले.

पाणी रात्रभर उघडे ठेवले किंवा उकळले तर क्लोरामीन जातो का?

मुक्त क्लोरीन बराच कमी होतो, मोनोक्लोरामीन फारसा नाही. पिण्यासाठी ते काढण्याची गरजही नाही; आयएस १०५०० मध्ये क्लोरामीनची मर्यादा ४ मिलीग्रॅम प्रति लिटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात मोनोक्लोरामीनसाठी ३. माशांच्या टाकीसाठी मात्र काढावाच लागतो. व्हिटॅमिन सी चालते: दर १ मिलीग्रॅम क्लोरीनला २.५ मिलीग्रॅम. थायोसल्फेटही चालते, पण दोन्हींत अमोनिया मागे राहतो आणि तोही माशांना घातक आहे, म्हणून जिवाणूंनी रुजलेला फिल्टर हवा.

डायलिसिसमध्ये गफलतीला जागा नाही. क्लोरामीन आरओ पडद्यातून पार होऊ शकतो, रक्तात गेल्यास हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण करतो आणि तांबड्या पेशी फोडतो. एकूण क्लोरीन ०.१ मिलीग्रॅम प्रति लिटरच्या आत हवा. त्यासाठी एकामागे एक दोन कार्बन टाक्या, मिळून १० मिनिटांचा संपर्ककाळ. नमुना दोन टाक्यांच्या मधून, रुग्णांची प्रत्येक पाळी सुरू होण्यापूर्वी घ्यावा. पहिली टाकी थकली तरी दुसरी हाताशी असते, हे या रचनेचे मर्म आहे.

नायट्रोजन ट्रायफ्लोराइड स्थिर आणि ट्रायक्लोराइड स्फोटक. रचना तर दोघांची सारखीच, मग असे का?

दोन्ही रेणू त्रिकोणी पिरॅमिडसारखे, टोकाला नायट्रोजन आणि त्यावर इलेक्ट्रॉनांची एकाकी (बंधात न अडकलेली) जोडी. ट्रायफ्लोराइडमध्ये बंधाची लांबी १३७ पिकोमीटर, कोन १०२ अंश. ट्रायक्लोराइडमध्ये १७६ पिकोमीटर आणि १०७ अंश. फरक आकारात नाही, ऊर्जेच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतः करावा.

एक मोल रेणू मूलद्रव्यांपासून घडवायला अर्धा मोल नायट्रोजन तोडावा लागतो: ९४५ चे अर्धे, ४७२ किलोजूल. फ्लोरीनसाठी दीड मोल गुणिले १५८, म्हणजे २३७. एकूण खर्च ७०९. नायट्रोजन-फ्लोरीनचा एक बंध सुमारे २८० परत देतो, तीन बंध ८४०. निव्वळ उणे १३१. रेणू मूलद्रव्यांपेक्षा खालच्या पातळीवर बसतो. आता क्लोरीन: त्याचा बंध २४२ चा, दीडपट ३६३, एकूण खर्च ८३५. नायट्रोजन-क्लोरीन बंध फक्त २०० देतो, तीन मिळून ६००. निव्वळ अधिक २३५. ही साठलेली ऊर्जा धक्का, उष्णता, प्रकाश किंवा ग्रीसचा ठिपका लागताच एकदम सुटते. फ्लोरीन-फ्लोरीन बंध दुबळा असणे हेच ट्रायफ्लोराइडच्या स्थैर्याचे निम्मे रहस्य आहे.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ड्यूलाँग यांनी १८११ मध्ये ट्रायक्लोराइड शोधला आणि त्यात एक डोळा व दोन बोटे गमावली. १८१२ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या डोळ्यांना त्यानेच इजा केली.

अमोनियाचा डायपोल मोमेंट (रेणूतल्या विद्युतभाराच्या असमतोलाचे माप) १.४७ डिबाय आणि ट्रायफ्लोराइडचा फक्त ०.२३. फ्लोरीन तर जास्त विद्युतऋण आहे ना?

आहे, आणि कारण तेच आहे. अमोनियात तिन्ही बंधांचे इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे ओढलेले असतात, म्हणजे एकाकी जोडीच्याच दिशेने. दोघांची बेरीज होते. ट्रायफ्लोराइडमध्ये ओढ उलटी, फ्लोरीनकडे. एकाकी जोडीचा परिणाम तिच्या विरोधात जातो. त्यामुळे ट्रायफ्लोराइड आम्लारी म्हणूनही जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

ऑक्सिडीकरण अंकांचाही इथे नीट विचार करावा. ट्रायक्लोराइडची पाण्याशी अभिक्रिया झाली की अमोनिया आणि हायपोक्लोरस आम्ल मिळते, म्हणजे तो नायट्रोजन उणे ३ सारखा आणि क्लोरीन अधिक १ सारखा वागतो. ट्रायफ्लोराइडमध्ये नायट्रोजन अधिक ३ असतो, आणि साध्या पाण्याचा त्यावर परिणाम होत नाही.

ट्रायफ्लोराइड कारखान्यात कसा बनवतात?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रुफ यांनी १९२८ मध्ये वितळलेल्या अमोनियम बायफ्लोराइडच्या विद्युत अपघटनातून तो प्रथम मिळवला. आजही हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे त्याच वितळलेल्या क्षारात सुमारे १३० अंश सेल्सिअसला अमोनिया आणि फ्लोरीन सोडणे. विद्युत अपघटनात कार्बनचा ॲनोड वापरला तर कार्बन टेट्राफ्लोराइड तयार होतो. त्याचा उत्कलनबिंदू उणे १२८ अंश, ट्रायफ्लोराइडचा उणे १२९. ऊर्ध्वपातनाने हे दोन वेगळे करणे जवळजवळ अशक्य, म्हणून निकेलचा ॲनोड घ्यावा लागतो, आणि निकेल झिजून गाळ साचतो तो वेगळा त्रास.

याचा मुख्य वापर चिप आणि डिस्प्ले कारखान्यांत, सिलिकॉनचे थर बसलेले कक्ष प्लाझ्माने साफ करण्यासाठी होतो. वातावरणात सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १७,००० पट तापवतो, म्हणून २०१२ च्या दोहा दुरुस्तीत क्योटो कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला.

आयोडीन आणि अमोनियाच्या ‘प्रात्यक्षिकात’ तयार होतो तो नायट्रोजन ट्रायआयोडाइडच का?

नाही. तो काळपट पदार्थ ट्रायआयोडाइड आणि अमोनियाचे जोडसंयुग आहे. त्यात प्रत्येक नायट्रोजनभोवती चार आयोडीन असलेले चतुष्फलक कोपऱ्यांनी जुळून साखळ्या बनतात आणि अमोनिया त्या साखळ्यांना चिकटून राहतो. शुद्ध ट्रायआयोडाइड १९९० मध्ये बोरॉन नायट्राइड आणि आयोडीन मोनोफ्लोराइडपासून कमी तापमानाला मिळाला. ट्रायब्रोमाइड तर उणे १०० अंशांनाही फुटू शकतो.

शाळा-महाविद्यालयात हे प्रात्यक्षिक करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि कृती इथे देत नाही. वाळलेला पदार्थ पिसाच्या स्पर्शानेही फुटतो, आणि तो कधी पुरता वाळला हे डोळ्यांना कळत नाही. रचना शिकवायला मॉडेल पुरे.

क्लोरीन कारखान्यात ट्रायक्लोराइडचा धोका कुठून येतो?

मिठाच्या द्रावणातल्या किंवा थंडाव्याच्या पाण्यातल्या अमोनियातून. क्लोरीन तयार करणाऱ्या विद्युत सेलमध्ये तो ट्रायक्लोराइड होऊन क्लोरीनबरोबर पुढे जातो. क्लोरीन उणे ३४ अंशांना उकळतो, ट्रायक्लोराइड ७१ ला. म्हणून द्रव क्लोरीन उडवत गेले की तळाशी ट्रायक्लोराइड घट्ट होत जातो. त्यामुळे बाष्पक किंवा टाकी कधीही कोरडी होईपर्यंत उडवू नये. तळाचा द्रव वेळोवेळी काढून नष्ट करावा आणि येणाऱ्या मिठातला अमोनिया नियमित तपासावा.

घरात चुकून ब्लीच आणि अमोनियाचे क्लीनर मिसळले तर?

वाकून वास घेऊ नका आणि वर पाणी ओतत तिथे उभे राहू नका. खोलीतून बाहेर पडा, जाता जाता जमल्यास खिडकी उघडा, मोकळ्या हवेत जा. खोकला, छातीत जडपणा किंवा डोळ्यांची जळजळ थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा. फुप्फुसाला झालेला त्रास काही तासांनीही वाढू शकतो. साचलेल्या लघवीच्या शौचकुपात ब्लीच ओतल्यानेही क्लोरामीन होतो, म्हणून आधी भरपूर पाणी सोडा. ॲसिडचे टॉयलेट क्लीनर ब्लीचबरोबर वापरू नका, त्यातून थेट क्लोरीन वायू सुटतो.